दुकानापर्यंतची दीडशे पावलं

"जा गं, अर्धा किलो साखर घेऊन ये पटकन." सांगली-मिरजेकडच्या कुठल्याही घरात सात-आठ वर्षांच्या पोराच्या कानावर हे दिवसातून एकदा तरी पडतंच. पोरं कुरकुरतात, पण जातात, आणि असं जाता-येताच मोठी होतात. सुटे पैसे मोजतात, दुकानदाराशी बोलतात, वाटेत कुत्रं आडवं आलं तर काय करायचं ते शिकतात. अपंगत्व असलेल्या मुलाला मात्र हे वाक्य कुणी म्हणतच नाही. त्याला माया मिळते, औषधपाणी होतं, नवससायासही झालेले असतात. काम तेवढं कुणी सांगत नाही. दहा वर्षांच्या आयुष्यात "तू आणून दे" असं एकदाही न ऐकलेल्या मुलाला आत्मविश्वास यावा कुठून?

इथं मांडलेली प्रक्रिया एका मुलीची आहे. वय १०, घर मिरज तालुक्यातल्या एका गावात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळं स्नायूंवरचा ताबा कमी असणं. दोन्ही पायांत ताठरपणा, हात बऱ्यापैकी चांगले, बोलणं अडखळत पण समजणारं. दोन्ही हातांत एल्बो कुबड्या, म्हणजे कोपराखाली पट्टा असलेल्या, आणि पायांत घोटा-पाऊल धरून ठेवणारे स्प्लिंट, ज्यांना कागदोपत्री एएफओ म्हणतात. गल्लीच्या टोकाचं किराणा दुकान तिच्या पावलांनी दीडशे पावलांवर. जूनमध्ये सुरुवात केली आणि डिसेंबरात ती एकटी जाऊन साखर घेऊन आली. मधल्या सहा महिन्यांत विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि घरची माणसं यांनी मिळून काय केलं आणि काय फसलं, ते हे.

पहिला आठवडा तिला काहीच शिकवलं नाही. फक्त वही घातली. सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ या वेळात ती करते ते प्रत्येक काम लिहायचं आणि पुढं एक आकडा टाकायचा. ० म्हणजे तिनं स्वतः केलं, १ म्हणजे कुणीतरी बोलून सांगितलं, २ म्हणजे खूण केली, ३ म्हणजे हात लावला, ४ म्हणजे मोठ्या माणसानंच करून टाकलं. वही आजीकडं दिली. घरात सगळ्यांत जास्त ४ आजीच्याच हातून घडत होते. तिला समजवायला गेलो असतो तर ती दुखावली असती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं असतं. हातात पेन आलं की मदतीला धावणारा हात आपोआप थांबतो.

आठवड्याच्या शेवटी सकाळच्या १४ कामांपैकी ११ कामांपुढं ४ होता. संध्याकाळी त्याच मुलीच्या पुढचे ४ निम्म्यावर आले होते. म्हणजे अडचण तिच्या पायांपेक्षा घड्याळात जास्त होती. शाळेची रिक्षा ८.४० ला दारात यायची आणि त्या घाईत बटण, मोजा, पाण्याचा ग्लास, दप्तर, सगळंच कुणीतरी उरकून टाकायचं. त्यामुळं पहिला निर्णय असा झाला की सकाळी काहीही नवीन शिकवायचं नाही. सराव संध्याकाळी आणि रविवारी. तोही आधी काढण्याचा, मग घालण्याचा. शर्ट काढणं शर्ट घालण्यापेक्षा सोपं असतं, स्प्लिंटचंही तसंच. आणि संध्याकाळी काढायला वेळच वेळ असतो.

शिकवण्याची पद्धत उलटी धरली, म्हणजे शेवटच्या पायरीपासून मागं. स्प्लिंट घालण्याच्या पायऱ्या सहा: गुडघ्याखालपर्यंतचा मोजा सुरकुती न ठेवता चढवणं, पाऊल आत सरकवून टाच पक्की खाली बसवणं, घोट्यावरचा पट्टा, नडगीवरचा पट्टा, वरून बूट, बुटाचा वेल्क्रो. आईनं पहिल्या पाच करायच्या आणि वेल्क्रो तिनं लावायचा. सलग तीन दिवस पाचातल्या चार वेळा नीट लागला की बूट आणि वेल्क्रो दोन्ही तिचे. मग नडगीचा पट्टाही तिचा. असं मागं मागं सरकायचं.

पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर काय बिघडतं? मूल मोज्याशी झगडून दमतं आणि मधेच मोठं माणूस पुढचं उरकतं. मुलाच्या मनात राहतं ते एवढंच, की आपण सुरू केलं आणि दुसऱ्यानं संपवलं. उलट्या क्रमात प्रत्येक वेळी काम संपतं ते मुलाच्या हातानं. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये 'मला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो त्याचे चार स्रोत मांडले. स्वतः केलेलं काम तडीस जाणं, आपल्यासारख्याला ते करताना पाहणं, दुसऱ्यांचं बोलणं, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात सगळ्यांत जोरकस पहिला. आपल्याकडं भर असतो तिसऱ्यावर: "तू करू शकतेस बाळा!" आणि हे म्हणता म्हणता बूट आपणच घालून देतो.

सहा पायऱ्यांपैकी पाच जुलैअखेर झाल्या. टाचेची एकटी पायरी पाच आठवडे अडून राहिली. कारण शोधल्यावर सापडलं ते साधं होतं. ती पलंगावर पाय लांब करून स्प्लिंट घालायची. पाय सरळ असताना पोटरीचा ताठ स्नायू टाच वर ओढतो. लहान खुर्चीत बसवून गुडघा नव्वद अंशांपेक्षा थोडा जास्त वाकवला, तशी पोटरी सैल झाली आणि टाच खाली बसायला लागली. टाच नीट न बसता स्प्लिंट आवळला तर कातडीवर लाल वण उठतात. स्प्लिंट काढल्यावर वण वीस-तीस मिनिटांत मावळला पाहिजे. नाही मावळला तर त्या दिवशी स्प्लिंट बंद आणि बनवणाऱ्याकडं फेरी. हा वण बघायचं कामही तिच्याकडंच दिलं, एक छोटा आरसा देऊन. आपल्या शरीराची राखण आपण करायची, ही सवय दहाव्या वर्षी लागली तर पुढं जन्मभर कामाला येते.

पुढचं काम होतं घर गप्प करण्याचं. "उचल. हं, आता पुढं. सावकाश! अगं, नीट धर की. बघ बघ, पायरी आली." एका मुलीच्या दहा पावलांवर चार माणसं बोलत होती. हाताचा आधार कमी करता येतो, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर नेता येतो. बोलण्याचा आधार काढणं सगळ्यांत अवघड जातं, कारण तो कुणाला मदत वाटतच नाही. मूल मग पुढचं पाऊल टाकण्यासाठी सूचनेची वाट बघत उभं राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, 'याला समजत नाही.' नियम दोन केले. एका वेळी एकच माणूस बोलणार. आणि सांगून झाल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे, मधे चकार शब्द काढायचा नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूतून निघालेली आज्ञा स्नायूंकडून पुरी व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी सूचना आली की पहिली हालचाल विस्कटते. दहा आकडे ऐकायला थोडे वाटतात, पण आईला ते पहिले आठ दिवस फार जड गेले. सातव्या-आठव्या आकड्याला मुलगी स्वतः हालचाल करते हे डोळ्यांनी दिसलं, तेव्हा कुठं तिचा यावर विश्वास बसला.

ऑगस्टमध्ये पडायला शिकवलं. सगळ्या प्रक्रियेत याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

कुबड्यांनी चालणारं मूल पडणारच. पडण्याची भीती असली की ते अंग आणखी ताठ करतं, ताठ अंगानं तोल आणखी जातो, आणि पडल्यावर लागतंही जास्त. भीती बोलून जात नाही. पडून, उठून, पुन्हा पडूनच ती जाते. पण आधी तपासणी. फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय हे घरी करायचं नाही. या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू निसटू लागण्याचा धोका असतो, म्हणून खुब्याचा एक्स-रे पाहिलेला हवा. फिट्स आटोक्यात नसतील, हाडं ठिसूळ असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर हा सराव नाही.

सुरुवात उभ्यानं केली नाही. दोन कापसाच्या गाद्या शेजारी शेजारी टाकल्या, त्यावर ती गुडघ्यांवर उभी, आणि तिथून पुढं हातांवर. कोपरं किंचित वाकलेली, तळहात उघडे, हनुवटी एका बाजूला वळवलेली. कोपरं ताठ ठेवली तर सगळा धक्का मनगटावर आणि खांद्यावर येतो. मग कडेला पडणं: खांदा आत घेऊन कुशीवर लोळण. मग मागं पडणं, आणि यात एकच गोष्ट पक्की करायची, हनुवटी छातीला. डोकं मागं आपटू नये म्हणून. "हनुवटी!" एवढा एक शब्द महिनाभर घरात घुमत होता. हे जमल्यावर उभ्यानं, कुबड्यांसह. तोल गेला की पहिलं काम कुबड्या दोन्ही बाजूंना लांब सोडून द्यायच्या. कुबडी हातात धरून पडलं तर ती अंगाखाली येते आणि कोपर दुखावतं. एका बैठकीत पाच वेळा पडायचं, आठवड्यातून तीन दिवस. गादीवरून घोंगडीवर, घोंगडीवरून अंगणातल्या मातीत. फरशीवर मुद्दाम पाडायचं नाही.

उठण्याचा क्रम वेगळा शिकवावा लागतो. आधी चारी पायांवर रांगतात तसं, मग कुबडीपर्यंत सरकत जाऊन ती जवळ ओढायची, मग गुडघ्यांवर, मग जोराचा पाय पुढं, तिचा उजवा, एक कुबडी रोवून त्यावर भार, आणि वर. पहिल्या दिवशी याला सव्वाचार मिनिटं लागली. सप्टेंबरअखेर ५० सेकंद.

इथं चूक घडली ती मोठ्यांच्या हातून. ती कलंडली की बाबा दंड धरून वर खेचायचे. अशा खेचण्यात मुलाचा खांदा दुखावू शकतो, आणि तोल सावरायचं शिकणंही थांबतं. मदतनीसानं एक पाऊल मागं आणि कडेला उभं राहायचं. अगदीच वेळ आली तर कमरेशी धरायचं. त्यासाठी कमरेला टॉवेल गुंडाळून त्याची गाठ मागं ठेवली, तेवढीच पकड. दुसरी गोष्ट चेहऱ्याची. मूल पडल्यावर आधी आपल्या गुडघ्याकडं बघत नाही, आपल्या माणसाच्या तोंडाकडं बघतं. तिथं "अगं बाई, पडली की गं!" दिसलं की रडू फुटलंच. तीन आकडे मोजायचे, आणि "लागलं का?" ऐवजी विचारायचं, "उठायला काय हवंय?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "कुबडी लांब गेलीय." मग कुबडी हातात द्यायची नाही, कुठं आहे ते दाखवायचं.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही कल्पना पुढं आली. काहीही केलं तरी विजेचा धक्का चुकत नाही असं दिसल्यावर प्राणी प्रयत्नच सोडतो. त्याच दोघांनी २०१६ मध्ये मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे ती कल्पना उलटी मांडली. दीर्घ त्रासापुढं गप्प पडून राहणं हीच मूळची प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्यानं फरक पडतो' हे. आमच्या कामाचा सगळा आधार या उलट्या मांडणीत आहे. हार न मानणारं मूल जन्माला येत नसतं. कुबडी सोडली म्हणून कोपर वाचलं, हनुवटी लावली म्हणून डोकं वाचलं, असे शंभरदा आलेले अनुभव साठत जातात, आणि त्यांची सुरुवात आम्हाला दोन गाद्यांवर करता आली.

कुबड्यांबद्दल थोडं. बूट घालून सरळ उभं राहून हात मोकळे सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेवर यायला हवी, मूठ धरल्यावर कोपर वीस ते तीस अंश वाकायला हवं, आणि वरचा पट्टा कोपराच्या खाली साधारण दोन बोटं. साहित्यवाटपाच्या शिबिरात मापं घेतली जातात आणि साहित्य हातात यायला काही महिने जातात. तेवढ्यात मूल वाढलेलं असतं. तिचे स्प्लिंट असेच आले: बोटं पुढं अर्धा इंच बाहेर. ते तसेच वापरायचे नाहीत. आखूड स्प्लिंटनं बोटं आवळली जातात आणि मूल चालायचं टाळायला लागतं, मग घरचे म्हणतात, 'आळशी झालीय.' स्प्लिंटचं माप दर सहा महिन्यांनी बघायचं. कुबडीच्या बुडाची रबरी टोपी तर दर रविवारी उलटी करून बघायची. तिच्यावरच्या रेघा पुसट झाल्या की टोपी बदलायची. शहाबादी फरशीवर पावसाळ्यात गुळगुळीत टोपी म्हणजे घसरगुंडी. टोप्या मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मिळतात, दोन जादा आणून ठेवाव्यात. वेल्क्रो सुटला तर चप्पल शिवणारा कारागीर पाच मिनिटांत शिवून देतो. त्यासाठी महिनाभर थांबू नये, आणि शिवायला देताना मुलीलाच बोलू द्यावं.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला आणि रस्त्यावर आलो. दीडशे पावलांचे चार टप्पे पाडले: दारापासून लिंबाचा पार, पारापासून पिठाची गिरणी, गिरणीपासून गटारावरची फरशी, आणि तिथून दुकान. पहिला आठवडा फक्त पारापर्यंत आणि परत. पारावर बसायची जागा आहे, दमलं तर टेकता येतं. टप्पे पावलं मोजून पाडू नयेत, टेकायच्या जागा बघून पाडावेत. सोबतीचं अंतर आधी एक पाऊल मागं, मग पाच पावलं, मग टप्प्याच्या अलीकडं थांबणं, मग दारात, मग घरात. गटारावरच्या फरशीला दोन बोटांची फट होती, कुबडीचं टोक नेमकं तिथं अडकायचं. ग्रामपंचायतीला सांगितलं, पण मूल तोवर थांबू शकत नव्हतं, म्हणून फट ओलांडायला शिकवलं: आधी दोन्ही कुबड्या पलीकडं, मग पाय.

दुकानदाराचीही तयारी घ्यावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुकानात गर्दी नसताना, दुपारी तीनच्या सुमाराला जाऊन पाच गोष्टी सांगितल्या. पैसे तिच्याकडूनच घ्या, मागच्या माणसाकडं बघू नका. वाक्य पुरं होईपर्यंत थांबा, मधेच 'साखर का?' म्हणू नका. सामान तिच्या पाठीवरच्या पिशवीत तिला टाकू द्या. तिचा नंबर लागेल तेव्हाच द्या, आधी नको. आणि चॉकलेट फुकट देऊ नका. पाचवी गोष्ट त्यांना फार लागली, "लेकरू आहे हो, एक गोळी दिली तर काय झालं?" पण रांगेतल्या दुसऱ्या कुठल्या पोराला ती गोळी मिळत नाही. मुलांना हा फरक बरोबर कळतो.

दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले, म्हणून पाठीवर सॅक लागते, दोन्ही खांद्यांवर बसणारी. एका खांद्यावरची पिशवी पुढं घसरते आणि तोल जातो. सॅकमध्ये आधी अर्धा किलो तांदूळ भरून आठ दिवस चालून घेतलं. नोट फ्रॉकच्या पुढच्या खिशात, वेल्क्रोचा. पैशांचा सराव खऱ्या नोटांनीच केला. खेळण्यातल्या नोटांवर शिकलेलं दुकानात उपयोगी पडत नाही. पन्नासची नोट द्यायची, परत किती यायला हवेत ते निघताना पाटीवर लिहून जायचं आणि आल्यावर ताडून बघायचं.

रस्त्यावरची खरी अडचण दगडधोंड्यांची नव्हती. "काय झालंय गं हिला? जन्मापासनं हाय का? कुठं दावलं न्हाई का? त्या अमक्या देवाला जाऊन या की एकदा." हे सगळं तिच्या डोक्यावरून, आईला उद्देशून. आई सोबत नसेल तेव्हा तेच थेट तिला. यासाठी उत्तर तयार हवं, आणि ते मुलानं निवडलेलं हवं. घरी तीन उत्तरं बनवली. छोटं: "मी साखर न्यायला आलेय." मधलं: "मला सेरेब्रल पाल्सी आहे, माझे पाय ताठ असतात, दुखत नाहीत." आणि बंद करणारं: "मला उशीर होतोय." कुणाला कुठलं द्यायचं ते तिचं तिनं ठरवायचं. भाऊ आणि चुलतबहीण गावातल्या म्हाताऱ्या बायका झाले आणि रोज दहा मिनिटं हे नाटक चाललं. चिडवणाऱ्या पोरांचंही नाटक केलं. तिथं तिनं स्वतः शोधलेलं उत्तर आम्ही सुचवलेल्या सगळ्यांपेक्षा सरस निघालं: थांबून, वळून, त्या मुलाचं नाव घेऊन "काय म्हणालास? परत म्हण." नाव घेतलं की गर्दीतला मुलगा एकटा पडतो.

खेळाचं एक निरीक्षण. गल्लीत क्रिकेट असलं की मोठी माणसं अशा मुलाला कायम अंपायर करतात. वाटतं, सामील करून घेतलं. खरं तर ती खेळाबाहेरची जागा आहे. पोरांवर सोपवलं की ती सरळ नियम बदलतात. इथं ठरलं की ती खुर्चीत बसून बॅटिंग करणार आणि पळणारा दुसरा. आउट झाली तर आउट. पहिल्या दिवशी दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडाला आणि कुणी "राहू दे, परत खेळ" म्हटलं नाही. ती रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

शाबासकी तोलून द्यावी लागते. उठता-बसता "वा वा" चाललं की मुलाला कळतं, आपल्याकडून फार थोडी अपेक्षा आहे. काय केलं ते नेमकं सांगायचं: "फट आल्यावर थांबून आधी कुबड्या टाकल्यास." बस्स.

दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, विषयही इथं येतो, पण वेगळ्या कारणानं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, ४० टक्के अपंगत्वापासून पुढं बहुतेक सवलती लागू होतात, एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सूट मिळते. हे सगळं करून घ्यायलाच हवं. पण तपासणीच्या टेबलासमोर आईवडील मुलादेखत यादी वाचतात: हिला हे येत नाही, ते जमत नाही, सगळं आम्हालाच करावं लागतं. टक्केवारी योग्य लागावी म्हणून ते सांगणं गरजेचं असतं, आणि मूल ते सगळं ऐकत असतं. यावर उपाय म्हणून ती यादी घरी कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दिली. तोंडी प्रश्नांपैकी नाव, शाळा, काय दुखतं आणि कुबड्या कधीपासून, ही चार उत्तरं तिनं दिली. सहीच्या जागी अंगठा पुढं करू नये. वेडीवाकडी का होईना, तिला सही करू द्यावी. त्यासाठी आधी आठवडाभर वहीत सराव लागतो.

नोव्हेंबरात दोन गोष्टींनी मागं ओढलं. उसाचा हंगाम लागला आणि त्याच रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जायला लागले, मोठ्यानं गाणी लावून. मागचं काही ऐकू येत नाही, शिवाय रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवर आणि पाचटावर कुबडी सरकते. वेळ बदलून दुपारी साडेतीनची केली आणि ट्रॅक्टर दिसला की भिंतीकडेला पाठ लावून थांबायचं हे वेगळं शिकवलं. दुसरं म्हणजे तिची उंची वाढत होती. हाडं भराभर वाढतात तेव्हा ताठ स्नायू मागं पडतात आणि आठवड्यात चालणं बिघडल्यासारखं वाटतं. तापानंतरही असंच होतं. अशा वेळी पहिल्यापासून सुरू करायचं नाही, दोन टप्पे मागं जायचं. आम्ही गिरणीपर्यंत मागं आलो, स्ट्रेचिंग वाढवलं, बारा दिवसांत परत गटाराच्या फरशीशी पोहोचलो. मुलीला कारण तिच्या भाषेत सांगितलं होतं: "हाडं पुढं पळाली, स्नायू मागं राहिले, त्यांना गाठायला वेळ दे." कारण माहीत नसलं की मूल समजतं, आपलंच काहीतरी चुकलं.

कृष्णाकाठच्या घरांत एक तयारी जास्तीची लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. अशा वेळी कुबड्या, स्प्लिंट, फिट्सच्या गोळ्या मागं राहतात. आणि पाणी ओसरल्यावर मूल महिनोनमहिने मागं गेलेलं असतं. जूनपासून एक पिशवी दाराशी हवी: प्रमाणपत्राच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये, पंधरा दिवसांची औषधं, जादा रबरी टोप्या, मोज्यांचे दोन जोड. ही पिशवी मुलाच्या ताब्यात. आणि आपल्याला कसं उचलायचं ते अनोळखी माणसाला सांगता यायला हवं: "काखेत धरू नका, एक हात पाठीमागं, एक गुडघ्यांखाली. माझे पाय एकदम वाकवू नका."

हे शेवटचं त्या मुलांसाठी तर फारच महत्त्वाचं, जी कधीच दुकानापर्यंत चालणार नाहीत. हातपाय साथ देत नसतील तर आत्मविश्वास सांगण्यातून येतो. व्हीलचेअर कुणी ढकलतंय, पण डावीकडं की उजवीकडं ते मूल सांगतं, डोळ्यांनी दाखवतं. साखर की गूळ ते मूल ठरवतं. दोन वस्तू समोर धरून त्याच्या नजरेची वाट बघायची, इथंही दहा आकडे. काम दुसऱ्याच्या हातानं झालं तरी हुकूम मुलाचा चालला पाहिजे.

दृष्टिहीन मुलाला हाच रस्ता वेगळा लागतो. पावलं मोजणं तिथं फसवं, कारण घाईत पाऊल लांब पडतं. खुणा पक्क्या कराव्या लागतात: गिरणीचा आवाज आणि पिठाचा वास, पाराखालची सावली, गटाराचा ओलसर वास, दुकानाच्या पत्र्यावरून अंगावर येणारी ऊब. गिरणी दुपारी बंद असते, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन खुणा. पांढरी काठी साधारण छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत उंच, आणि डावा पाय पुढं तेव्हा टोक उजवीकडं. सोबत चालताना आपण त्याला धरायचं नाही, त्यानं आपल्या कोपराच्या वर धरायचं. बौद्धिक अपंगत्व असेल तर कशानंतर काय करायचं ते दाखवणारी चार चित्रांची पट्टी आणि रोज तेच दुकान, तोच माणूस, निदान दोन महिने. स्वमग्न मुलाला दुकान बंद असेल तेव्हाचं चित्रही त्या पट्टीत हवं. नाहीतर बंद शटर पाहून सगळा महिना वाया जातो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला, ती एकटी निघाली. पहिल्या तीन वेळा चुलतभाऊ पाराच्या आड उभा होता, तिला न सांगता. हे लपवणं बरं की वाईट यावर आमच्यात मतं दोन होती. शेवटी चौथ्या वेळेपासून तिला सांगून टाकलं, की आता तिथं कुणी नाही. आईला स्वयंपाकघरात राहायला सांगितलं होतं, दारातून बघायचं नाही. जाऊन-येऊन एकतीस मिनिटं लागली. कोपऱ्यावर पडली होती, गुडघा खरचटलेला, फ्रॉकला माती. साखरेची पुडी सॅकमध्ये फुटली होती आणि परत आलेल्या पैशांत दोन रुपये कमी होते.

पाटीवरच्या आकड्याशी तिनंच ताडून बघितलं. बाबा म्हणाले, "दोन रुपयांचं काय एवढं, राहू दे." आजीनं वही बाजूला ठेवली आणि म्हणाली, "जा, मागून आण." ती पुन्हा गेली. दुसऱ्या फेरीला सत्तावीस मिनिटं. पुडी फुटू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून सॅकमध्ये झाकणाचा डबा दिला, दुकानदार त्यातच ओततो.

जानेवारीत दुधाची पिशवी आणायला सुरुवात करायची आहे. ती साखरेपेक्षा अवघड, कारण गार, ओली आणि निसरडी असते, आणि पडल्यावर फुटते. म्हणून पहिले पंधरा दिवस रिकाम्या दुधाच्या पिशवीत पाणी भरून, तोंड रबरानं घट्ट बांधून, घर ते पार एवढाच सराव ठेवला आहे.